रिबाउंडा, तुझा एकरी उतारा किती?

प्रिय रिबाउंड,

वणीत एखादा शेतकरी म्हणाला, "यंदा दोन हजार क्रेट टोमॅटो निघाले," तर ऐकणारा लगेच वा म्हणत नाही. आधी विचारतो, "किती एकरात?" दोन एकरात निघाले असतील तर त्याच्याकडून चहा उकळतो. आठ एकरात निघाले असतील तर विषय बदलून द्राक्षाच्या छाटणीवर जातो. दिंडोरी तालुक्यात एवढं शहाणपण कुणाला शिकवावं लागत नाही. उपबाजाराच्या कट्ट्यावर बसलेल्या पोरालाही एकरी उतारा कळतो.

तुझी पाळी आली की मात्र हेच लोक हिशेब विसरतात. "आमच्या पोरीनं बारा रिबाउंड घेतले!" असं बाप सांगतो आणि सगळे माना डोलावतात. बारा, पण किती चुकलेल्या चेंडूंतले, हे कुणी विचारत नाही. हे पत्र त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. उघडं लिहितोय, कारण तुझ्याशी बोलताना बाकीच्यांनीही ऐकावं अशी इच्छा आहे.

मी इथल्या एका शाळेच्या मैदानावर संध्याकाळी मुलींना बास्केटबॉल शिकवतो. बोर्ड एकच आहे. दुसऱ्या टोकाला नुसता लोखंडी खांब आहे, त्यावर आम्ही खडूने रिंग काढतो आणि ती रोज पुसली जाते. मैदानावरून सप्तशृंगी गडाचा डोंगर दिसतो. चैत्रात यात्रेकरू पायी जात असतात, तेव्हा रस्त्यावरचे दोन-चार जण हमखास थांबून खेळ बघतात. चेंडू आत गेला की टाळ्या वाजवतात. बाहेर आला की "अरेरे" म्हणतात आणि चालू लागतात. त्यांचं "अरेरे" जिथे संपतं, तिथे तू सुरू होतोस.

तुझ्या जन्माची गोष्ट मी दरवर्षी नव्या मुलींना सांगतो. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने व्यायामशाळेच्या गॅलरीला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि हा खेळ सुरू झाला. बोर्ड तेव्हा नव्हतेच. पण गॅलरीत बसलेले प्रेक्षक हात लांब करून चेंडू आत ढकलायचे नाहीतर बाहेर काढायचे, म्हणून काही वर्षांनी टोपलीमागे आडोसा आला. अडवायचे होते आगाऊ प्रेक्षक, आणि त्या आडोशाने जन्माला घातलास तू. फळीवर आपटून परत येणारा चेंडू कुणाच्याच मालकीचा नसतो. खेळातला हा एवढा एकच क्षण, जेव्हा दहाच्या दहा जणांचा हक्क सारखा असतो.

आणि हे क्षण कमी नाहीत. रिंगेचा व्यास 45 सेंटिमीटर. मुलींच्या चेंडूचा साधारण 23. म्हणजे रिंगेत जवळजवळ दोन चेंडू शेजारी शेजारी बसतील, तरी चांगल्या चांगल्या संघांचे निम्म्याच्या आसपास नेम चुकतात. आमच्या पोरींचे तर दर तीनातले दोन. मग खेळ कोण जास्त नेम साधतं यावर जेवढा, तेवढाच चुकलेला चेंडू कुणाच्या पदरात पडतो यावरही ठरणार.

तरी अधिकृत स्कोअरशीटवर तुला जागा नाही. जागतिक महासंघ फिबाच्या त्या कागदावर गुण लिहितात, फाउल लिहितात, टाइमआउट लिहितात. रिबाउंडचा रकानाच नाही. मोठ्या स्पर्धांत आकडेवारी ठेवणारी वेगळी माणसं बसवतात. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत गुणलेखकाला बसायला खुर्ची मिळाली तरी पुष्कळ झालं. एनबीएसारख्या श्रीमंत लीगनेही पहिले चार हंगाम तुझी नोंद ठेवली नव्हती, ती 1950-51 पासून सुरू झाली. आणि आपल्या चुकलेल्या नेमावरचा रिबाउंड वेगळा, समोरच्याच्या चुकलेल्या नेमावरचा वेगळा, हे तिथल्या वहीत यायला 1973-74 उजाडलं. कांदा आणि टोमॅटो तेवीस वर्षं एकाच क्रेटमध्ये मोजत होते म्हणायचं.

ही दोन पिकं वेगळी का, हे मुलींना फळ्यावर असं समजावतो. समजा, सामन्यात आपले चाळीस नेम चुकले आणि समोरच्यांचे वीस. आपल्या चाळीसातले चौदा चेंडू आपणच परत मिळवले, सव्वीस त्यांनी नेले. त्यांच्या वीसातले सोळा आपण घेतले, चार त्यांनी परत मिळवले. आता बेरीज करा. आपले चौदा आणि सोळा, तीस. त्यांचे सव्वीस आणि चार, तीस. घरी जाऊन कुणीही सांगेल, रिबाउंडमध्ये बरोबरी झाली.

पण उतारा काढा. आपल्या टोकाला आपण चाळीसात चौदा, म्हणजे 35 टक्के घेतले. त्यांनी स्वतःच्या टोकाला वीसात चार, फक्त 20 टक्के. बचावात आपण 80 टक्के राखले, त्यांनी 65. दोन्ही टोकांना आपण वरचढ! तरी बेरीज सारखी आली, कारण आपला नेम इतका वाईट होता की त्यांना सव्वीस चेंडू फुकटात मिळाले. सामना हरलो असू तर नेमबाजीने हरलो. आता या निकालावर एखादा प्रशिक्षक "रिबाउंड कमी पडतायत" म्हणत पोरींना महिनाभर उड्या मारायला लावेल. दुखणं गुडघ्याला आणि लेप कपाळाला. मी हे स्वतः केलंय, म्हणून सांगतो.

मोठ्या नावांनाही हाच नियम लाव. 24 नोव्हेंबर 1960 रोजी विल्ट चेंबरलेनने एका सामन्यात 55 रिबाउंड घेतले, तेही बिल रसेलसारखा बचावपटू समोर असताना. त्या हंगामातली त्याची सरासरी सामन्याला 27.2 होती. हे दोन्ही विक्रम आजवर कुणी मोडलेले नाहीत. माणूस थोर होता, वाद नाही. पण तेव्हा एका सामन्यात एकेका संघाच्या नावावर सत्तरच्या वर रिबाउंड जमा व्हायचे. आज चाळीस-पंचेचाळीस होतात. तेव्हा नेम फार चुकत, खेळ धावता होता, आणि विल्ट जवळजवळ पूर्ण वेळ मैदानात असे. शेत मोठं, पाऊस बरा, तर रास मोठी लागणारच.

त्याच्यापुढे डेनिस रॉडमन ठेव. 1991-92 पासून सलग सात हंगाम तो एनबीएच्या रिबाउंडच्या यादीत पहिला होता. त्याचा सर्वात मोठा हंगाम 18.7 सरासरीचा, विल्टच्या पासंगालाही पुरत नाही असं वाटावं. पण तो मैदानात असताना जेवढे चेंडू चुकले त्यातले किती त्याने घेतले, असं विचारलं तर 1994-95 मध्ये उत्तर येतं जवळजवळ 30 टक्के. दहा खेळाडूंत वाटा सारखा पडला असता तर प्रत्येकाला दहा टक्के आले असते. हा एकटा तिघांचा वाटा नेत होता. आणि तो मैदानावरच्या सर्वात उंचांपैकी नव्हता. रात्री मित्रांना व्यायामशाळेत नेऊन वेगवेगळ्या ठिकाणांहून चेंडू मारायला लावायचा आणि तो कुठून आला की कुठे उडतो याचा अभ्यास करायचा, असं त्याने स्वतः एका माहितीपटात सांगितलं आहे. त्याच्या केसांचे रंग मुलींना जास्त आवडतात. मी अभ्यासाचं सांगतो, त्या रंगाचं विचारतात. चालायचंच.

उंचीचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकतो, कारण तुझ्या नावाखाली सर्वात जास्त अन्याय इथेच होतो. "आमच्याकडे उंच मुली नाहीत, रिबाउंड कुठून येणार?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर उत्तर देत नाही, चार्ल्स बार्कलीचं नाव घेतो. 1986-87 मध्ये तो एनबीएत रिबाउंडमध्ये पहिला आला, आणि त्या लीगमध्ये तो बुटका गणला जायचा. (त्या बुटक्याची कागदावरची उंची साडेसहा फूट. वणीतल्या जुन्या घरांत त्याला दारातून वाकूनच यावं लागलं असतं. पण मुद्दा समजून घे.) उंची उपयोगाचीच. पण चेंडू रिंगवरून निघून खाली येईपर्यंत तुझी निम्मी लढाई जमिनीवर होऊन गेलेली असते. कोपऱ्यातून मारलेला चेंडू चुकला तर तो बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला जातो. लांबून, तीन गुणांच्या रेषेमागून मारलेला लांब उडतो. ज्या मुलीला हे पायांत ठाऊक आहे ती आधीच तिथे जाऊन उभी असते. उंच मुलगी मग तिच्या डोक्यावरून हात लांबवत राहते आणि शिट्टी वाजते.

बॉक्स आउटला आमच्या मैदानावर 'बांध धरणं' म्हणतात. नेम सुटला की चेंडूकडे बघायचं नाही. आधी आपल्या वाट्याचा समोरचा खेळाडू शोधायचा, त्याच्याकडे पाठ करायची, कंबर खाली, पाय रुंद, आणि त्याला मागच्या मागे थोपवायचं. पाणी वाहून जाऊ नये म्हणून जसा बांध. शेतकऱ्यांच्या पोरींना हे एकदा सांगितलं की पुरतं. बांधावरून गावात किती भांडणं होतात तेही त्यांना माहीत असतं, त्यामुळे नियमही पटकन कळतो. उभ्या खेळाडूच्या सरळ वरची जागा त्याची, तिला नियमपुस्तकात 'सिलिंडर' म्हणतात. (पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सगळ्या हसल्या होत्या, घरी गॅस संपला होता का म्हणून.) त्या जागेत कोपर घालणं, ढकलणं, म्हणजे शेजाऱ्याचा बांध कोरणं. गडावरच्या देवीला अठरा हात आहेत, तुम्हाला दोनच, तेव्हा ते वर ठेवा आणि काम कंबरेने करा, एवढाच माझा मंत्र.

आता माझ्या चुकीकडे येतो. हे पत्र खरं तर तिच्यासाठी लिहायला घेतलं.

काही वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेने वही सुरू केली होती. प्रत्येक मुलीचं नाव, पुढे रिबाउंडच्या रेघा, चार उभ्या आणि पाचवी आडवी, क्रेट मोजणारे मारतात तशा. संघात एक दांडगी, अबोल मुलगी होती. मेथीच्या जुड्या विकून शाळेत यायची. तिच्या नावापुढे सामन्यामागून सामने शून्य, एक, शून्य. माझ्या वहीने मला सांगितलं की ही काही कामाची नाही. तालुक्याच्या महत्त्वाच्या सामन्यात मी तिला बाहेर बसवलं आणि आकडे छान असलेल्या मुलीला उतरवलं. त्या दिवशी समोरच्यांची उंच मुलगी आमच्या रिंगखाली एकेक नेम दोन-दोनदा, तीन-तीनदा मारत राहिली. आम्ही हरलो. बाकावर बसलेली ती पोर काही बोलली नाही. गाडीत येताना दुसरी बोलली: "सर, ही असली की ती उंच मुलगी आमच्यापर्यंत येतच नाही."

वही मीच लिहिली होती आणि मीच चुकीची वाचली होती. ती अबोल मुलगी प्रत्येक वेळी समोरच्या सर्वात धोकादायक खेळाडूला पाठीवर तोलून धरत होती. चेंडू मोकळा पडत होता आणि शेजारची मुलगी तो अलगद उचलत होती. रेघ मात्र उचलणारीच्या नावावर पडत होती. क्रिकेटमध्ये कव्हरला उडी मारून वाचवलेल्या चार धावा धावफलकात कुठे असतात? तसंच.

हे काही वणीतच घडतं असं नाही. 2016-17 मध्ये ओक्लाहोमा सिटीचा गार्ड रसेल वेस्टब्रुक सरासरी 10.7 रिबाउंड घेऊन गाजला, आणि त्याच संघाचा धिप्पाड सेंटर, न्यूझीलंडचा स्टीव्हन अॅडम्स, 7.7 वर राहिला. जाणकारांनी तेव्हाच बोट दाखवलं होतं, की अॅडम्स समोरच्याला थोपवून धरतो आणि चेंडू वेस्टब्रुककडे जातो. त्यात गंमत अशी की ते संघाच्याच फायद्याचं होतं, चेंडू थेट गार्डच्या हाती आला की धावती चढाई लगेच सुरू होते. आता एनबीए बॉक्स आउटही वेगळे मोजते. उशीर झाला, पण मोजते.

म्हणून आमच्या वहीची रीत मी बदलली. आता पानावर मुलींची नावं नंतर येतात, आधी संघाचे दोन रकाने. आपले चुकले किती आणि त्यातले आपण परत मिळवले किती. त्यांचे चुकले किती आणि त्यातले आपण राखले किती. दुसरा आकडा चारात तीनच्या खाली घसरला तर मी सरावात बांधाचं काम वाढवतो. एनबीएतही साधारण हाच भाव चालतो, चुकलेल्या चारातला एक चेंडू मारणाऱ्यांकडे परत येतो. 1980 च्या दशकात तिनातला एक यायचा. पुढे सगळे संघ नेम सुटताच बचावाला पळू लागले, तेव्हा तो कमी झाला. ते पळणं शहाणपणाचं की भित्रेपणाचं, यावर तिथले प्रशिक्षक अजून एकमेकांशी भांडतात. माझं मत विचारशील तर शाळेच्या संघाने दोन मुली तरी रिंगखाली पाठवाव्यातच. आपला नेम कच्चा असतो, दुसरी संधी सोडून कसं चालेल? नियमही त्या संधीचं मोल ओळखतो. रिंगला लागून आलेला आपलाच चेंडू आपण परत मिळवला तर घड्याळ पुन्हा चोवीस सेकंदांवर जात नाही, चौदावर लावतात.

एकेका मुलीचं मोजायचं तर एकच प्रश्न: ती मैदानात असताना संघाचा उतारा किती आणि ती बाकावर असताना किती? त्या अबोल पोरीचं जुन्या पानांवरून काढलं तेव्हा मला घाम फुटला. ती आत असताना समोरच्यांना दुसरा नेम मिळणं दुर्मीळ होतं. तिच्यासाठी आता 'बांध' असा वेगळा रकाना आहे, आणि तो भरायला बाकावरच्या दोन मुली बसतात. एक आमच्या टोकाची, एक त्यांच्या. त्यामुळे बाकावरच्या मुलींचंही लक्ष खेळात राहतं, हा वरचा फायदा.

वहीचा मेळ घालायची एक युक्तीही तुझ्याच स्वभावातून सापडली. चुकलेल्या प्रत्येक नेमाला एक रिबाउंड असायलाच हवा, कुणा खेळाडूचा नाहीतर संघाचा. चेंडू कुणाच्या ताब्यात न येता रेषेबाहेर गेला तर तो संघाच्या नावावर. वेळ संपताना हवेत असलेला चेंडू, नेमाबरोबरच वाजलेली फाउलची शिट्टी, असे थोडे अपवाद सोडले तर दोन्ही बाजूंची बेरीज जुळते. जुळली नाही तर वहीवाली मुलगी मध्ये कुठेतरी वडापाव खायला गेली होती, हे नक्की. दोन फ्री थ्रोंतला पहिला चुकला तर तिथे तू नसतोसच, चेंडू मृत असतो. हे नव्या मुली हमखास विसरतात.

डीन ऑलिव्हर या अमेरिकन विश्लेषकाने 2004 मध्ये पुस्तक लिहून सामना जिंकण्याचे चार घटक सांगितले. त्याच्या अंदाजाने नेमबाजीला 40 टक्के वजन, चेंडू न गमावण्याला 25, तुला 20, आणि फ्री थ्रोला 15. तू तिसरा आहेस, रागावू नकोस. पण पहिल्या दोन गोष्टींना वर्षं लागतात. नेम बसायला हात घडावा लागतो, चेंडू सांभाळायला बोटं. बांध धरणं आठवडाभरात शिकवता येतं, आणि त्यासाठी दुसरा बोर्डही लागत नाही. खेड्यातल्या संघाला सर्वात स्वस्तात मिळणारे गुण तुझ्याकडे आहेत.

जुलै 2017 मध्ये बंगळुरूला महिलांच्या आशिया चषकाच्या 'ब' गटाची अंतिम लढत झाली. आपल्या पुण्याची शिरीन लिमये त्या भारतीय संघात होती. भारताने कझाकस्तानला हरवलं आणि वरच्या गटात जागा मिळवली. गुण 75 विरुद्ध 73. दोन गुण. मी मुलींना तो आकडा फळ्यावर लिहून दाखवतो आणि विचारतो, यातला कोणता चेंडू सुटला असता तर चाललं असतं? त्या बराच वेळ विचार करतात.

तुझ्याकडे माझं मागणं काही नाही. तू कुणाचा नसतोस, तेच बरं आहे. मागणं आहे ते पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांकडे, कारण हे अनावृत आहे. तालुक्याच्या स्पर्धेला याल तेव्हा गुणलेखकाच्या टेबलाशेजारी शंभर पानी वही घेऊन एक मुलगी बसवा. आणि नेम सुटला की एकदा तरी वर बघू नका. खाली बघा. कुणीतरी एक पोर समोरच्या उंच मुलीला पाठीवर तोलून उभी असेल, आणि चेंडू तिसरीच्याच हातात पडेल. त्या दोघींचीही नावं लिहून घ्या.

तुझा,
वणीच्या मैदानावरचा वहीवाला